सरकलेला नकाशा

इंदिरा मावशींना नागपूरला नेऊ नका, इथं जबलपुरातच ऑपरेशन करून टाकू, असं त्यांच्या घरी जाऊन अश्वजीतनंच सांगितलं होतं.

मावशी म्हणजे काही सख्खी मावशी नव्हे. जबलपूरच्या गढा वस्तीत त्यांचं घर अश्वजीतच्या घराला लागूनच होतं. रविवारी बुद्धविहारात त्या मुलांना मराठी लिहायला शिकवत, अश्वजीतही त्यांच्याकडेच शिकला होता. वर्षभरापासून त्यांना अचानक धडधड सुटायची. वंदना म्हणता म्हणता ठोके गळ्यापर्यंत यायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि भिंतीला धरून खाली बसावं लागायचं. गोळ्यांनी काही थांबेना.

अश्वजीत डॉक्टर नव्हता. हृदयाचा नकाशा काढणारं मशीन बनवणाऱ्या कंपनीत तो कामाला होता आणि जिथं ऑपरेशन असेल तिथं जाऊन ते मशीन चालवायचा. त्या दिवशी त्यानं मावशींना आणि त्यांच्या यजमानांना, दिवाकर काकांना, मोबाइलवर एका हृदयाचं रंगीत चित्र फिरवून दाखवलं.

"वरच्या कप्प्यातून खाली वीज जायचा एकच रस्ता असतो. तुमच्या त्याला लागून एक जादा वाट आहे. वीज त्या वाटेनं खाली जाते, रस्त्यानं परत वर येते आणि तिथंच गोल गोल फिरत राहते. मांडीतून बारीक तार आत घालायची, ती वाट शोधायची आणि टोकानं गरम करून बंद करायची. बस!"

"आणि खरा रस्ता जळला तर?" काकांनी विचारलं.

"काहून जळेल? मी बसलो राहीन ना समोर. तार कुठं आहे ते मिलिमीटरमध्ये दिसते, काका."

काका फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सहजासहजी न पटणारे. पण तेही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विहारात सगळ्यांना सांगून टाकलं, "आपला अश्वजीत राहणार आहे तिथं."

ऑपरेशनच्या सकाळी मावशींच्या छातीवर आणि पाठीवर पॅच अश्वजीतनंच चिकटवले. या पॅचवरून आणि टेबलाखालच्या चुंबकावरून मशीन तारेची जागा ओळखतं. मावशींना घाम आला होता आणि पाठीवरचा पॅच नीट बसत नव्हता. पुसून नवा लावायला हवा होता. पण ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर रुचिरा हात धुऊन आल्या होत्या, म्हणून त्यानं तो तसाच दाबून बसवला.

मावशींना गुंगीचं थोडंसंच औषध दिलं होतं, त्या जाग्या होत्या. तार आत गेली आणि पडद्यावर हृदयाचा कप्पा हळूहळू आकार घेऊ लागला. खरा रस्ता जिथून जातो तिथं अश्वजीतनं पिवळे ठिपके टाकले. त्या ठिपक्यांजवळ तार तापवायची नाही, एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. तो रस्ता जळला, तर आयुष्यभर पेसमेकर.

तेवढ्यात मावशींना खोकल्याची उबळ आली. अंग हललं. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना उमटली, रुग्ण हलला आहे, जागा तपासा.

अशा वेळी तार पुन्हा ओळखीच्या ठिकाणी नेऊन नकाशा जुळवून घ्यायचा असतो. अश्वजीतच्या हे लगेच ध्यानात आलं आणि पाठीवरचा पॅच सुटला असणार, हेही. पण बोलायचं तर पॅच कुणी लावला, ते निघालं असतं. मावशींसमोर निघालं असतं. सरकला असेल थोडासा, असं मनाशी म्हणत त्यानं सूचना बंद केली.

रुचिरा मॅडमनी तार ठिपक्यांपासून बरीच खाली आणली आणि जराशा थांबल्या. "सिग्नल कुछ अलग लग रहा है. मैप ठीक है ना, अश्वजीत?"

"ठीक है, मैडम."

मॅडमनी तार तापवायचं पेडल पायानं दाबलं. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं आणि मग मॉनिटरवरची उंच रेघ एकाएकी गायब झाली. वरचे कप्पे धडधडत होते, पण खाली काहीच पोचत नव्हतं. मॅडमनी तत्क्षणी पाय उचलला. "पेसिंग!" नर्सनं बटण दाबलं आणि आधीच आत ठेवलेल्या दुसऱ्या तारेनं मावशींचं हृदय बाहेरून चालवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं मॅडमनी पेसिंग थांबवून पाहिलं, तेव्हा मावशींचे स्वतःचे ठोके परत आले होते.

"पता नहीं क्यों हुआ," मॅडम म्हणाल्या. "काफी दूर थे हम." त्यांनी तार आणखी थोडी खाली नेली आणि त्यांचा पाय पुन्हा पेडलकडे गेला.

"मैडम, रुकिए." अश्वजीतला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "मैप शिफ्ट हुआ है. खांसी के टाइम. वॉर्निंग आई थी, मैंने बंद कर दी."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. "पॅच बदलो. पूरा मैप फिर से."

त्यानं पॅच बदलला. मावशींना कुशीवर वळवताना त्यांचा चेहरा त्याच्या अगदी जवळ आला. डोळे उघडे होते. त्यानं नजर टाळली. नवा नकाशा निघाला तेव्हा दिसलं, की आधी तापवलेली जागा पिवळ्या ठिपक्यांना जवळजवळ खेटून होती. मग मॅडमनी ती जादा वाट बरोबर शोधली आणि बंद केली. धडधड पुन्हा सुरू होते का, ते पाहायचे सगळे प्रयत्न करून झाले. ती सुरू झाली नाही.

बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "मैंने पूछा था तुमसे." आणि पुढं, "परिवार को मैं बताऊंगी. कंपनी को तुम बताओगे."

"परिवार को भी मैं बताऊं, मैडम?"

त्यांनी थोडा विचार करून मान हलवली. "ठीक है. मैं साथ रहूंगी."

संध्याकाळी वॉर्डात मावशी उशीला टेकून पडल्या होत्या. अश्वजीत मॅडमसोबत आत शिरताच काका उठले, त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "बाप्पा, तुझ्यामुळं झालं. नाही तर आम्ही नागपूरलाच..."

"काका, बसा." अश्वजीतनं सगळं सांगितलं. पॅच, खोकला, सूचना, मॅडमनी विचारलं ते आणि तो काय म्हणाला ते. काकांनी हात कधी सोडला, त्याला कळलंच नाही. "म्हणजे हिचं हृदय बंद पडलं होतं?"

"कुछ पल. फिर मशीन से चलता रहा," मॅडम म्हणाल्या. "अब बिल्कुल ठीक है."

काका अश्वजीतकडे वळले. "मीच हिला म्हटलं होतं, भिऊ नको, अश्वजीत आहे म्हणून." आणि ते पाणी आणायला म्हणून बाहेर गेले. टेबलावरची बाटली भरलेलीच होती.

मॅडमही निघाल्या. मावशी हळूच म्हणाल्या, "मले ऐकू येत होतं. तू 'ठीक है' म्हणालास ना, तेव्हाच समजलं मले, हा खोटं बोलून राहिला. लहानपणी गृहपाठ केला नसला की असाच बारीक आवाज काढायचास."

"मग बोलल्या काहून नाही, मावशी?"

"चारचौघांत तुझी इज्जत जाईल म्हणून." त्यांनी डोळे मिटले. "मीपण वेडीच."

अश्वजीतला रडू आलं नाही, तेही त्याला बरं वाटलं नाही. जीव टांगणीला लागलेला असतानाही त्या त्याची इज्जत सांभाळत होत्या आणि तोही तेवढंच सांभाळत होता.

कंपनीनं त्याला काही महिने एकट्यानं काम करू दिलं नाही. नागपूरहून एक वरिष्ठ बाई येऊन शेजारी बसायच्या आणि प्रत्येक पॅच त्याच्यासमोर पुन्हा दाबून पाहायच्या. मावशींची धडधड परत आली नाही. त्या रविवारचा वर्ग घेऊ लागल्या. तो विहारात गेला की त्या त्याला हाक मारून जवळ बसवायच्या, पोरांना म्हणायच्या, "हा माझा विद्यार्थी."

काका मात्र दाराशी चपला काढताना त्याला पाहत, ओळखीपुरती मान हलवत आणि आत जाऊन त्याच्यापासून दूर, वेगळ्या रांगेत बसत.