मावळतीची भिंत

शेतातलं ते घर बांधलंच मुळी रागाच्या भरात. पहिला मालक पाथरवट. जमिनीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी त्याचं बिनसलं, आणि गड्याने भावाच्या शेताकडची, मावळतीची भिंत अशी सलग दगडी उभी केली की उभ्या जन्मात त्याचं तोंड दिसायला नको. भांडण मिटवायला चार माणसं येतील म्हणून रस्त्याकडेही दार ठेवलं नाही. एकच दार, तेही टेकडीकडे. घर कसलं, पाठ फिरवून बसलेलं रुसकं पोर!

पाथरवटानंतर घर एका गाडीवानाने घेतलं. रोज वळसा घालून त्याचा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा त्याने पहार उचलून रस्त्याकडे ऐसपैस दार पाडलं. मग आली सुईण. हाक आली की ऐकू यावी म्हणून तिने उगवतीला, खाटेच्या उशाशी खिडकी काढली. तिच्यामागून आलेल्या सुताराने स्वयंपाकघराच्या छपरात झरोका केला, कारण त्याची बायको अंधारात चटके खायची. असा त्या घराचा रिवाजच पडून गेला. नव्या मालकाने आपल्या हाताने उजेडाला एक वाट करायची आणि आधीच्याची बुजवायची नाही. ज्याने भिंत फोडली नाही तो भाडेकरू.

टोपलीवाली त्या सुताराची थोरली सून. तिच्या नवऱ्याने मावळतीच्या खिडकीसाठी चौकटसुद्धा करून ठेवली होती, पण उद्या बघू, उद्या बघू करत एक दिवस तोच जग सोडून गेला. चौकट कोपऱ्यात राहिली आणि तिच्यावर ओले वेत पडू लागले. दुपार कलली की मागची खोली काळोखायची, मग टोपलीवाली आपलं स्टूल उचलून रस्त्याच्या दारात विणत बसायची. धाकटा दीर शहरातून आला की चिडवायचा, "काय भाडेकरीणबाई, बरं चाललंय ना?" ती हसण्यावारी न्यायची, पण लागायचं तिला.

या खेपेला दिराने सोबत पाहुणा आणला, जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचा. पाहुणा भला माणूस होता. बोटांनी भिंती वाजवत तो घरभर हिंडला आणि मावळतीच्या भिंतीपाशी हरखून उभा राहिला.

"अस्सल! हिला कुणीच हात लावलेला नाही. आमची अट एकच असते, निदान एक भिंत मूळची, सलग, दार-खिडकी नसलेली हवी. बाकीचं आम्ही पहिल्यासारखं करू."

"पहिल्यासारखं म्हणजे?" टोपलीवालीने विचारलं.

"रस्त्याचं दार नंतरचं आहे, ते बुजवायचं. ती खिडकी आणि झरोकाही."

"आणि मी?"

"तुम्हाला मागे दोन खोल्या बांधून देतील, वहिनी," दीर घाईने म्हणाला. "इथे लोक घर बघायला येतील. नाव होईल घराचं."

टोपलीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पहिल्या दिवशी हे घर रुसलेलं होतं, भाऊजी. एका माणसाचा राग जपायचा आणि बाकीच्यांनी घाम गाळून त्यावर केलेला इलाज बुजवून टाकायचा?"

"अर्धा वाटा माझा आहे," दिराचा आवाज चढला. "सही दिली नाहीत तर कोर्टात जाईन. मग त्या दोन खोल्याही विसरा."

कोर्टाच्या पायऱ्या चढायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि दिराला ते पक्कं ठाऊक होतं. ती तडक आत गेली. पाणी आणायला गेली असेल, असं समजून दोघं दारात बसले आणि पाटी कुठे लावायची याच्या गप्पा सुरू झाल्या.

तेवढ्यात आतून धप्प आवाज आला. मग दुसरा.

दोघं धावले. मागच्या खोलीत टोपलीवाली पदर खोचून सासऱ्याची पहार चालवत होती. दगडांमधली माती भुसभुशीत झाली होती. भिंतीच्या मधोमध एक दगड हलला आणि बाहेर कोसळला.

"वहिनी!"

"लांब राहा, पायावर पडेल."

पलीकडे, पाथरवटाच्या त्या थोरल्या भावाच्या घराण्यातली शेजारीण कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने भोकातून डोकावून पाहिलं. "अगं बाई, हे काय आरंभलंस?"

"खिडकी पाडतेय! बघत काय उभी राहिलीस? ओढ तो दगड."

"थांब, आलेच," म्हणत शेजारणीने दाण्यांचं सूप तिथेच टाकलं.

पाहुण्याने कपाळाला हात लावला. "संपलं. मूळची, सलग अशी एकही भिंत उरली नाही. आता आमचं इथे काम नाही." तो खरोखरच दुःखी दिसत होता.

"काय करून बसलात हे!" दीर ओरडला. "आता कोण विचारणार या घराला?"

"कोणी विचारू नये म्हणूनच केलं." तिचे तळहात सोलवटले होते आणि धापेने शब्द तुटत होते, तरी इतकं मोकळं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. "जा कोर्टात. भोकाचाही अर्धा वाटा मागा. पण आधी सांगा, तुम्ही यातली कुठली भिंत फोडलीत?"

उन्हाची तिरीप भिंतीतून आत आली आणि अर्धवट विणलेल्या टोपलीवर पडली.

"ती चौकट आणा इकडे," ती म्हणाली. "तुमच्या भावाने केलीय."

दीर जागचा हलला नाही. मग तिने ओले वेत बाजूला सारले आणि चौकट स्वतःच ओढत आणली.

"सरका, भाऊजी," मालकीण म्हणाली. "उजेड अडतोय."