दाराशी अडलेला रिपोर्ट

"दोनदा पाठवला मॅडम," पुण्याच्या लॅबमधला माणूस फोनवर वैतागला. "नोंदवलेल्या मेलवरच जातो. तोंडी सांगता येत नाही."

कॉलेजच्या ऑफिसात माधुरीनं पुन्हा मेल चाळली; रिपोर्ट नव्हताच. भोरच्या दवाखान्यात तिची सव्वा वर्षाची प्रांजल तापानं फणफणली होती. रक्तातल्या पेशी किती उतरल्यात ते कळल्याशिवाय डॉक्टर ठरवेनात, पोर इथंच ठेवायची की पुण्याला हलवायची.

आणि मेल अडवली होती ती तिनंच. कॉलेजचा सर्व्हर तिच्याकडं. नुकतीच तिनं सोय केली होती: डिरेक्टरीत, म्हणजे कॉलेजातल्या सगळ्यांच्या पत्त्यांच्या यादीत, प्रत्येकाच्या नावापुढं ज्याची त्याची निवड. फालतू मेल अडवायची का, व्हायरसची झडती घ्यायची का. मेल आली की सर्व्हर आधी तिथं बघणार, मगच आत घेणार. कॉलेजातल्या रोहिदास सरांनी सगळं मोकळं ठेवलं. "माझ्या दाराला कडी नको बाई!" माधुरीनं मात्र सगळ्यात कडक पहारा निवडला. का नाही निवडणार? सासरची, उत्रोलीची अख्खी भावकी अर्जावर, लकी ड्रॉवर तिचाच मेलचा पत्ता ठोकून द्यायची. "आपली माधुरी हाय की!" पासवर्डनं कुलूपबंद केलेली, आत झडती घेता न येणारी फाइल दिसली की सर्व्हर आता ती परस्पर फेकून देई. लॅबचा रिपोर्ट नेमका तसाच.

तिनं स्वतःच्या नावापुढचा पहारा उठवला. "परत पाठवा."

कर्ज, बक्षीस, स्वस्त प्लॉट... कचरा धो धो आला. त्यात दोन मेल सारख्याच: 'तपासणी अहवाल सोबत जोडला आहे.' चुकीची उघडली तर व्हायरस शिरून सर्व्हरवरच्या कॉलेजच्या निकालांवर पाणी.

एकीत 'प्रिय माधुरी मॅडम'. दुसरीत 'रुग्ण: ठकी रायबा, उत्रोली'.

ठकी? हे कोण? दुसरी पुसायला बोट उचललंच होतं, तोच आठवलं. रक्त द्यायला पोरीला नानांनी, म्हणजे रायबांनीच, नेलं होतं. तिचे हे सासरे नातीला कधी प्रांजल म्हणालेच नव्हते; त्यांची ती ठकीच.

दुसरी उघडली. पेशी तळाला गेलेल्या. तिनं दवाखान्यात बसलेल्या नानांना फोन लावला.

"नाना, फोन डॉक्टरांना द्या. पुण्याला हलवायचंय."

"देतो. पर पोरी, म्या नाव बराबर सांगितलं व्हतं न्हवं?"

"अगदी बरोबर, नाना."

दारातून ती सवयीनं वळली. कडी पुन्हा लावावी? पण पुढचे रिपोर्टही ह्याच पत्त्यावर यायचे होते. कचरा पडतोय तर पडू दे. ती पळत सुटली.