लेथ, मुकुंदवाडी

सर्जेराव हिवराळेनं समुद्र उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला होता. दोन्ही खेपा सहा डिसेंबरच्या, दादरच्या रांगेतून, माणसांच्या डोक्यांवरून. त्या रांगेतला माणूस पाण्याकडं बघतो, पण पाण्यात मासे केवढे असतील हे काही त्याच्या मनात येत नाही. म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी मुकुंदवाडीत त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर बुलेट थांबली आणि तिशीच्या एका गड्यानं टॉवेलात गुंडाळलेलं नारळाएवढं जड गाठोडं कातकामाच्या लेथशेजारी ठेवलं, तेव्हा सर्जेरावला वाटलं, जुन्या हातपंपाचं काहीतरी असावं.

ते मासे धरायचं रीळ होतं. दोरी गुंडाळायची पितळी फिरकी, दोन्ही अंगांना काळ्या एबोनाइटच्या, म्हणजे टणक रबराच्या, तबकड्या, एक मूठ, आणि मुठीच्या बुडाशी चांदणीसारखं पाच टोकांचं चाक. ते चाक आवळलं की आतला ब्रेक आवळायचा. सगळं कळकून हिरवं पडलेलं. मूठ हलता हलेना.

गड्याचं नाव विश्वजीत. गंगापूरकडचं मोठं घराणं, आता बंगला ज्योतीनगरात. त्याचे आजोबा काकासाहेब पासष्टच्या सुमाराला शेतीखात्याकडून आफ्रिकेला गेले होते आणि तिथं गोऱ्या लोकांबरोबर होडीतून मासेमारी करायचे. विश्वजीतनं मोबाइलवर फोटो दाखवला. हाफ पँटीतले काकासाहेब, आणि शेजारी उलटा टांगलेला मासा, काकासाहेबांहून दीड हात उंच, तोंडाला भाल्यासारखी चोच. असला मासा गोदावरीत नाही, नाथसागरातही नाही. त्यामुळं रीळ मायदेशी आलं आणि गंगापूरला एका पेटीत पन्नास वर्षं कुजत पडलं.

फेब्रुवारीत विश्वजीत मित्रांबरोबर अंदमानला निघाला होता. आजोबांच्या रिळानंच मासा धरायचा, हा त्याचा पण. बाहेरून जुनं तसंच राहिलं पाहिजे, आतून नवं झालं पाहिजे. आणि सगळं काम मोबाइलवर टिपायचं, कारण जुन्या वस्तू नव्या करून दाखवणारं त्याचं एक चॅनल होतं आणि बघणारे हजारांनी होते.

"मी सर्जेराव," सर्जेराव म्हणाला. "ठेवून जा. उघडून सांगतो."

विश्वजीत मोबाइलमधून शेडमधला उजेड बघत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "मिस्त्री, आडनाव काय?"

"हिवराळे."

"असं का," विश्वजीत म्हणाला.

हा प्रश्न कशासाठी विचारतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सर्जेरावला सहासष्ट वर्षं कळत होतं. थोड्या वेळानं शेजारच्या सरूबाईनं दोन कप चहा आणून ठेवला, तर विश्वजीत म्हणाला, चहा सोडलाय. अर्ध्या तासानं तोच माणूस कोपऱ्यावरच्या टपरीशी बुलेटवर बसून चहाचे घोट घेत होता, आणि शेडच्या दारातून ते स्वच्छ दिसत होतं. सर्जेराव रिळाकडं वळला. हाताला काम लागून बरेच महिने झाले होते.

खरं तर नुसतं काम नव्हतं आलं, माणूस आलं होतं. बायको रत्नमाला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी करुणा पुण्याला नोकरीत. तिचा दर रविवारी अकराला फोन, सात-आठ मिनिटांचा, त्यातली चार मिनिटं गोळ्या घेतल्या का यात जायची. चिकलठाण्याच्या ज्या कंपनीच्या टूलरूममध्ये त्यानं एकतीस वर्षं काढली ती बंद पडली, तेव्हा लिलावातून तो आपलाच लेथ उचलून घरी घेऊन आला. कंपनीत त्याला नाव नव्हतं, टोकन नंबर होता, सत्तेचाळीस. केलेल्या प्रत्येक जॉबच्या कोपऱ्यात चार आणि सातचे पंच ठोकायचे, म्हणजे बिघडलं तर कोणाची मान धरायची ते कळावं. बिघडलं नाही तर ड्रॉइंगवर नाव इंजिनिअरचं. डाव्या तर्जनीची दोन पेरंही कंपनीनंच ठेवून घेतली होती, प्रेसवर माणूस कमी पडला म्हणून एका पाळीला त्याला तिथं उभं केलं त्या दिवशी.

रीळ त्यानं चार दिवस घासलेटात बुडवून ठेवलं. मग एकेका स्क्रूच्या खाचेला नेमका बसेल असा पेचकस घासून घेतला, कारण म्हाताऱ्या पितळाला ढिला पेचकस लावला की खाच गेलीच. निघालेला प्रत्येक भाग ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं जेवणाच्या ताटात मांडला. ब्रेकच्या चामडी चकत्या कुजून गुळासारख्या झाल्या होत्या. पिनियनचे, आतल्या लहान दातेरी चाकाचे, दात झिजून शेंगदाणे. पितळ त्यानं चिंचेनं घासलं, रत्नमाला तांबे घासायची तसं. पॉलिशच्या चाकावर धरलं असतं तर लखलखलं असतं, पण काकासाहेबांच्या बोटांनी झिजलेल्या कडाही गेल्या असत्या. पिनियनसाठी स्टेनलेसचा तुकडा कातला आणि दात पाडायला टूलरूममधल्या जुन्या सोबत्याकडं, अप्पारावकडं, मिलिंगच्या मशीनवर घेऊन गेला. आस ज्यांत फिरतो ते जुने बुश काढून बेअरिंग बसवली. विश्वजीतनं मागवलेल्या कार्बनच्या पत्र्यातून ब्रेकच्या नव्या काळ्या चकत्या कापल्या.

विश्वजीत दिवसाआड यायचा, टिपायचा, बडबडायचा. कुठल्या बेटावर कोणता मासा, कोणाची दोरी कशी तुटली. सर्जेराव ऐकायचा. त्या दिवसांत तो रोज सकाळी दाढी करायला लागला होता.

दुसऱ्या आठवड्यात विश्वजीत काळ्या रबरी हातमोज्यांचं खोकं घेऊन आला. व्हिडिओत बरं दिसतं, म्हणाला, सगळेच घालतात. सर्जेरावनं नाही म्हटलं. चालू लेथमध्ये मोजा अडकला तर मोजा एकटा जात नाही, हात घेऊन जातो. मग विश्वजीतनं जरा घुटमळत खरं सांगितलं. ते तुटकं बोट बघून लोकांना कसंतरी होतं, व्हिडिओ अर्ध्यात सोडून जातात.

"लेथवर हातमोजा माणूस एकदाच घालतो, भाऊ," सर्जेराव म्हणाला. "आन् बोट दाखवायचं नसंल तर कामबी दाखवू नका. ते त्याच हातानं झालंय."

विश्वजीत हसला. खोकं त्यानं खाली ठेवलं. "बरं, तसंच दाखवू. तुमचं नाव पण टाकू की खाली, मोठ्या अक्षरात."

तो सहज बोलून गेला. सर्जेरावनं मात्र ते धरून ठेवलं. एकतीस वर्षं सत्तेचाळीस ठोकलेल्या माणसाला कोणी म्हणालं की तुझं नाव हजारो लोक वाचतील, तर तो ते सोडून देतो की काय? अप्पारावला त्यानं सांगितलं. करुणाला सांगितलं. सरूबाईला सांगितलं, तिच्याकडं तसला मोबाइलही नव्हता.

रीळ जोडून झालं तेव्हा त्यानं ते व्हाइसच्या जबड्यात धरलं आणि नवी दोरी गुंडाळून तिचं टोक बुलेटला बांधलं. गल्लीत मासा आणायचा कुठून? विश्वजीत निघाला. सर्जेरावनं चांदणीचं चाक होतं नव्हतं तेवढं आवळलं होतं. त्याच्या लेखी ब्रेक म्हणजे थांबवणारी वस्तू, आणि जो ब्रेक सरकतो तो भंगारात. दोरी ताणली, किंचाळली आणि तुटली. चाबकासारखं उडालेलं टोक गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला जाऊन गुरफटलं.

विश्वजीत पांढराफटक होऊन परत आला आणि मग पोट धरून हसला. "मिस्त्री, सरकू द्यायचं असतं त्याला! मासा तीन माणसांच्या वजनाचा. अडवला की दोरी तुटली. एकदम सोडला की गेला. धरून ठेवायचं आणि देत राहायचं, तो दमेपर्यंत."

ही गोष्ट सर्जेरावला नवी होती, आणि पटली. दोन दिवस तो काचेवर एमरीची बारीक पूड टाकून ब्रेकच्या धातूच्या चकत्या घासत बसला. पुन्हा बुलेट बांधली. या वेळी फिरकी करकरत सुटली, एका तालात, ना झटका ना अडखळ, आणि बुलेट पार गल्लीबाहेरच्या पिंपळापर्यंत गेली तरी दोरी शाबूत. बायका दारात आल्या. सरूबाईनं विचारलं, काय घावलं मिस्त्री?

"बुलेट," सर्जेराव म्हणाला.

गल्ली हसली. विश्वजीतनं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या पाठीवर कोणाचा हात पडून तीन वर्षं झाली होती.

व्हिडिओ रविवारी दहाला येणार होता. सर्जेराव साडेनऊलाच मोबाइल चार्जिंगवरून काढून बसला.

बारा मिनिटांचा व्हिडिओ. पांढरं टेबल, पांढरा उजेड, आणि काळ्या हातमोज्यांतले विश्वजीतचे हात. तयार झालेलं रीळ त्यानं घरी नेऊन पुन्हा उघडलं होतं आणि साफ पितळावर चिंच चोळत होता. लेथ चार सेकंद दिसला. नुसता काम धरायचा चक फिरताना, हात नाही. मागं विश्वजीतचा आवाज, आजोबांची आठवण मी माझ्या हातांनी जिवंत केली. शेवटी बारीक अक्षरात आभार. मित्रांचे, आईचे, आणि एका लोकल लेथवाल्यांचे.

अकराला करुणाचा फोन आला. "बाबा, तुम्ही कुठंयत यात?"

"काढलंय वाटतं," तो म्हणाला.

त्या रविवारी फोन वीस मिनिटं चालला. गोळ्यांचा विषय त्यात निघाला नाही. अप्पारावचा फोन आला नाही. त्यानं बघितलं असणार, म्हणूनच आला नसणार.

बुधवारी बुलेट पुन्हा दारात, टाकीवर रिळाचा डबा. चेहरा उतरलेला. शुक्रवारचं विमान होतं, आणि रिळाचं चाक कितीही आवळलं तरी फिरकी मोकाट सुटत होती. विश्वजीत व्हिडिओबद्दल अवाक्षर बोलला नाही. "जरा बघता का," एवढंच म्हणाला.

सर्जेरावनं रीळ उघडलं. जे वाटलं तेच. ब्रेकमध्ये एकाआड एक बसायच्या चकत्या, एक काळी, एक धातूची. हातमोजेवाल्यानं काळ्या दोन्ही एकावर एक घातल्या होत्या आणि एका चकतीच्या कडेचा कान वाकवला होता. सर्जेरावनं कान सरळ केला, चकत्या लावल्या, ताणकाट्यानं ओढून बघितलं. बरोबर. त्यानं तबकडी हातात धरली. चार स्क्रू राहिले होते.

"भाऊ, मोबाइल काढा," तो म्हणाला. "चालू करा. आन् माझं नाव सांगा. तेवढं झालं की चार स्क्रू बसवतो."

विश्वजीतला सुटल्यासारखं झालं. एवढंच ना? त्यानं मोबाइल समोर धरला, आवाज बदलला. "तर मित्रांनो, हे आपले..." थांबला. "हे आपले मिस्त्री. हिवराळे मिस्त्री."

"ते आडनाव झालं. ते तुमाला पैल्याच दिवशी पायजे होतं. नाव?"

विश्वजीतनं मोबाइल खाली घेतला. त्याचा अंगठा काचेवर सरकत होता, फोनमध्ये साठवलेलं नाव शोधत. सर्जेराव हातभर अंतरावर उभा होता आणि लांबचं त्याला अजून चांगलं दिसत होतं. वर लिहिलं होतं: लेथ मुकुंदवाडी.

"सॉरी मिस्त्री," विश्वजीत म्हणाला. "तुम्ही सांगा ना. लगेच बोलतो."

सांगायला काय लागत होतं? एक शब्द. पोरगं तो बोललं असतं, हजारो लोकांनी ऐकला असता, करुणानं ऐकला असता. फेब्रुवारी संपताना बुलेट परत आली असती, मासा दाखवायला, दुसरं काही दुरुस्तीला. सर्जेरावला हे सगळं दिसत होतं. पण नाव त्यानं पहिल्या दिवशी सांगून झालं होतं.

त्यानं तबकडी खाली ठेवली. चकत्या एकेक करून परत काढल्या, क्रमानं ताटात मांडल्या, प्रत्येकीच्या काठावर सुईनं खुणेच्या रेघा पाडल्या, पहिलीला एक, दुसरीला दोन. मग सगळं फडक्यात बांधून विश्वजीतच्या डब्यात ठेवलं. काही राखून घेतलं नाही, एक स्क्रूसुद्धा नाही.

"रेघा मोजून बसवायचं. कुणालाबी जमंल."

"मिस्त्री, परवा फ्लाइट आहे माझं."

"तुमीच जिवंत केलंय ना, आपल्या हातानं?" सर्जेराव म्हणाला. "बारा मिनिटांत व्हतंय. मी बगितलं."

विश्वजीतनं डबा पेट्रोलच्या टाकीवर धरला आणि निघून गेला.

बुलेटचा आवाज आला होता म्हणून सरूबाई सवयीनं दोन कप चहा घेऊन आली. गल्ली मोकळी बघून तिनं विचारलं, गेलं का गिऱ्हाईक? गेलं, तो म्हणाला. ती कप ठेवून गेली. त्यानं आपला चहा प्याला. दुसरा तसाच राहिला, त्यावर साय धरली. मग तोही प्याला, गार.

चार दिवसांवर रविवार होता. गल्लीच्या तोंडाशी खांबावर अडकलेली दोरी वाऱ्यात गुणगुणत होती. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळं लोकांना वाटायचं, पतंगाचा मांजा आहे, निघून जाईल. मांजा नव्हता तो. ती दोरी बुलेटच्या ओढीनंच तुटली होती, वाऱ्याला ती तोडायला बरीच वर्षं लागणार होती.