एकशे साठ पावलांच्या आत

शनिवारी पहाटे सहाला दहा मिनिटे कमी असताना मायते एचेपारेने एक गोळी झाडली आणि ती चुकली. कोल्ह्याच्या जातीचा तो कायोटी कोकरू तोंडात धरून ओढ्याकाठच्या वाळुंजीच्या झुडपांत शिरला. एप्रिल निम्माही सरला नव्हता आणि हे तेरावे कोकरू होते.

रायफल तिच्या नवऱ्याची होती, जोराचा धक्का देणारी टू-सेव्हंटी, एल्क नावाच्या मोठ्या हरणांच्या शिकारीसाठी घेतलेली. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. डिसेंबरात मायतेच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या पहाटे गोळी सुटल्यावर ती बराच वेळ खांदा धरून फाटकाला टेकून उभी राहिली.

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या खोऱ्यात एचेपारेंची मेंढरे आजोबांपासूनची. आजोबा युरोपातल्या बास्क मुलखातून मेंढपाळ म्हणून आले होते. आता मायतेकडे एकशे ऐंशी मेंढ्या होत्या आणि लस्क गावचा एक व्यापारी त्या सगळ्या एकदम घ्यायला तयार होता. महिनाअखेरपर्यंत त्याला हो की नाही ते कळवायचे होते. गेल्या वर्षीइतकी कोकरे यंदाही गेली तर विकून टाकायचे, असे तिने धाकट्या भावाला, पेलोला सांगून ठेवले होते. पेलो शेजारच्या जमिनीवर गाई पाळतो.

त्याच दुपारी दोघे गावात हार्लन टॉर्विकच्या बंदुकीच्या दुकानात गेले.

"कायोटीसाठी हवी," मायते म्हणाली. "आणि रविवारी खाणीवर नेमाच्या पाट्या वाजवायलाही तीच. दोन नाही घेणार."

"ट्वेंटीटू-टू-फिफ्टी," पेलो म्हणाला. "माझ्यासारखी. चारशे यार्डांवर गोळी सरळ जाते. आपल्या वाऱ्यात दुसरं काही चालत नाही."

"चारशे यार्डांवर तू शेवटचं काय मारलंस रे?" हार्लनने विचारले.

"मारलंय की."

"शेजाऱ्याची पाण्याची टाकी. अजून गळतेय ती."

मायतेने खिशातून घडी घातलेला कागद काढला. सकाळी ती गोठ्यापासून पावले मोजत हिंडली होती. जिथे जिथे रक्त किंवा लोकर सापडली होती, तिथपर्यंत. सर्वांत लांबची जागा एकशे साठ पावलांवर होती. त्यापुढे वाळुंज लागते, आणि वाळुंजीत काहीच दिसत नाही.

हार्लनने कागद दोनदा वाचला. "तीस वर्षं दुकान चालवतोय. येणारा प्रत्येक जण लांबचं विचारतो. मोजून आलेली तू पहिली."

"मग काय घेऊ?"

"आज काहीच नको. उद्या खाणीवर ये."

रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर खोऱ्यातले लोक जुन्या मुरमाच्या खाणीवर जमतात. भिंतीला टांगलेल्या लोखंडी पाट्यांवर नेम धरतात. ज्याच्या गोळ्या सर्वांत कमी लागतात, तो परतताना गाडीतून उतरून सगळी फाटके उघडतो आणि लावतो. एचेपारेंच्या वाटेवर चार फाटके आहेत.

हार्लनने दुकानातून दोन रायफली आणल्या होत्या, एक टू-फॉर्टीथ्री आणि एक त्याहून कमी धक्क्याची टू-टू-थ्री. तिसरी पेलोची. हार्लनने मायतेला पाठ फिरवायला लावली आणि काडतुसे स्वतः भरली.

टू-फॉर्टीथ्रीने तिने दोन पाट्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी चाप ओढला तेव्हा नुसता खटका वाजला. हार्लनने मधेच एक बिनदारूचे, न उडणारे काडतूस घातले होते. गोळी सुटली नव्हती, तरी नळीचे तोंड चांगले चार बोटे खाली गेले होते. डोळेही मिटलेले होते.

पेलो हसायला लागला, मग बहिणीचा चेहरा पाहून थांबला.

"म्हणजे रायफल नाही, मीच चुकतेय," मायते म्हणाली.

"तू नाही, तुझा खांदा," हार्लन म्हणाला. " धक्का बसायच्या आधीच तो दचकतोय."

पेलोच्या रायफलीने नळी कमी खाली गेली, पण आवाजाने डोळे मिटलेच. दहा गोळ्यांत तिची नळी हात लावता येणार नाही इतकी तापली. मग टू-टू-थ्री. खटका वाजला आणि नळी जागची हलली नाही.

"परत भरा," मायते म्हणाली. हार्लनने तीनदा भरली. तिन्ही वेळा तसेच झाले.

"हलकी गोळी आहे ती," पेलो म्हणाला. "वारा ढकलून देईल."

"एकशे साठ पावलांत? जोराच्या वाऱ्यात अर्धी वीत. तेवढा नेम ती वाऱ्याच्या दिशेला सरकवून धरेल. आता तू बस," हार्लन म्हणाला.

"मी कशाला?"

"बस रे, पेलो," मायते म्हणाली.

पेलो स्वतःच्या रायफलीमागे बसला. पाचव्या वेळी खटका वाजला आणि नळी दोन बोटे खाली गेली. त्या दिवशी सर्वांत कमी गोळ्या त्याच्याच लागल्या आणि चारही फाटके त्याने उघडली. मायते गाडीत बसून, "पायात काटे घुसले का रे, बाळा?" असे दर फाटकाला विचारत होती.

सोमवारी तिने टू-टू-थ्री घेतली. मंगळवारी तिची दुर्बीण जुळवून नेम बसवला. पाट्यांसाठी स्वस्त काडतुसे वेगळी असतात, ती तिने बाजूला ठेवली. ज्या काडतुसांनी शिकार करायची त्यांच्यावरच नेम बसवला, कारण दोन्हींच्या गोळ्या एकाच जागी पडत नाहीत.

गुरुवारी सहा वाजून पाच मिनिटांनी दोन कायोटी वाळुंजीतून बाहेर आले. मायतेने रायफल फाटकाच्या दांड्यावर टेकवली. पुढचा एकशे चाळीस पावलांवर आडवा थांबला. तिने चाप ओढला, आणि तो पडताना तिने दुर्बिणीतून पाहिला. तिचे डोळे उघडे होते. दुसरा टेकाडाच्या कडेने पळाला. त्याच्यामागे पेलोचे घर होते, म्हणून तिने गोळी झाडली नाही.

पेलो अर्धा डबा गरम चोरिझो, म्हणजे मसालेदार सॉसेज, घेऊन आला. "व्यापाऱ्याला फोन केलास?"

"नाही."

"नाही म्हणजे विकत नाहीस?"

"नाही म्हणजे फोन नाही केला. कोकरं आधी जन्मू देत."

गुरुवारपासून एकही कोकरू गेलेले नाही. शनिवारी दुपारी ओढ्याच्या ओल्या वाळूत एका कायोटीचे ताजे ठसे सापडले. ते गोठ्याकडे वळलेले नव्हते. एकसष्ट मेंढ्या अजून व्यायच्या आहेत.