मास्तरांची पोहण्याची चड्डी

मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली ती ऑपरेशननंतर, आणि तीही घरातल्या घरात. त्याआधी हा माणूस घरात सापडायचाच नाही. तीस वर्षं तरणतलावावर लोकांना पोहायला शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी पाण्यात. मग आतड्याचं दुखणं निघालं आणि पोटाच्या डाव्या बाजूला मल गोळा करणारी एक पिशवी कायमची येऊन बसली. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, खुशाल पोहा, पाण्याने तिला काही होत नाही. मास्तरांनी मान हलवली, घरी आले आणि तलावाचं नाव काढेनात.

कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सुनेनेच ते ताडलं. दुकानातली पोहण्याची चड्डी बसते कमरेखाली, म्हणजे पिशवी सगळ्यांसमोर उघडी.

सून घरीच पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. ती मशीनवर बसली की पाठीमागे मास्तरांची पावलं चालू. खिडकी ते दार, दार ते खिडकी. तिची टीप वाकडी जाऊ लागली. शेवटी तिने सांगून टाकलं, की मी शिवते तुमची चड्डी, उंच कमरेची आणि आतून पिशवीला कप्पा असलेली. मास्तरांची पावलं थोडा वेळ थांबली.

ताणलं जाणारं कापड तिने आयुष्यात शिवलं नव्हतं. तिने ते पडद्यासारखंच शिवलं, सरळ टीप मारून. मास्तर आतल्या खोलीत जाऊन घालून बसले आणि टर्रकन आवाज आला. कापड ताणलं गेलं, धागा ताणला गेला नाही, आणि मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. मास्तर लुंगी गुंडाळून बाहेर आले आणि चड्डी टेबलावर ठेवून म्हणाले, की राहू दे. सुनेला हसू आवरेना, आणि हसण्याची लाजही वाटली.

मशीन दुरुस्त करणारे काका जवळच राहायचे, त्यांना तिने बोलावून आणलं. त्यांनी मशीनची गोल चकती फिरवून एका आकड्यावर आणली. हा ओव्हरलॉकचा टाका, म्हणाले. शिवतो आणि कडही गुंडाळतो, आणि कापडाबरोबर ताणला जातो. आठ वर्षं मशीन घरात होतं, पण त्या आकड्याकडे तिने कधी पाहिलं नव्हतं. काकांनी बोथट टोकाची सुई बसवली, कापडावरचा दाब कमी केला आणि जाताना बजावलं, की कापड ओढायचं नाही, ते आपणहून पुढे सरकतं.

न ओढणं हेच तर तिला जमेना. हात शिवशिवायचे. जरा ओढलं की कड नागमोडी व्हायची. तिने कातरणांवर शिवून पाहिलं, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, फेकून दिलं, पुन्हा शिवलं. दुपारपर्यंत पायाशी चिंध्यांचा ढीग झाला. मग एक शिवण अशी आली, की कितीही ताणा, तुटेना.

आता कप्प्याचं माप हवं होतं. मास्तर म्हणाले, अंदाजाने शिव.

"अंदाजाने पडदे शिवता येतात, बाबा," ती म्हणाली. "कप्पा बोटभर सरकला तरी पिशवी दुमडेल."

ते खिडकीपर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. पिशवी आजवर त्यांच्या मुलानेही धड पाहिली नव्हती. बदलायची वेळ आली की ते दार लावून घ्यायचे. सून मापाची पट्टी हातात धरून उभी राहिली. तिलाही अवघड वाटत होतं, पण ती जागची हलली नाही. अखेर मास्तर तिच्यासमोर उभे राहिले, मान भिंतीकडे वळवली आणि सदरा वर केला.

तिने मापं घेतली. लांबी, रुंदी, कमरेपासूनचं अंतर. आकडे मोठ्याने म्हणत कागदावर लिहिले, जसे कुठल्याही गिऱ्हाइकाचे लिहिले असते.

"भरली की थोडी फुगते," मास्तर भिंतीकडे पाहतच म्हणाले. "तेवढी जागा सोड."

दुसऱ्या दिवशी चड्डी तयार झाली. मास्तर तलावावर गेले, काठावर पाय सोडून अर्धा तास बसले आणि कोरडेच घरी आले. त्यानंतर दोन दिवस पुन्हा खिडकी ते दार.

तिसऱ्या सकाळी ती भाजी घेऊन आली तर घर सामसूम, चड्डीही जागेवर नाही. एकटेच गेले, आणि शिवण सुटली तर? भाजीची पिशवी तशीच टाकून ती निघाली. तलावाच्या जाळीशी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

मास्तर पाण्यात होते. या टोकाकडून त्या टोकाकडे, संथ, लांब हात टाकत. तिची नजर मात्र फक्त शिवणीवर. दर वळणाला ते भिंतीला लाथ मारायचे, आणि दर वेळी ती जाळी घट्ट धरायची. कधी बाहेर येतात असं तिला झालं होतं, आणि ते काही येईनात.

आले तेव्हा ओठ निळे पडले होते. तिला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. ती जाळीच्या दारातून आत गेली आणि लोकांच्या देखत तिने खाली वाकून कड चाचपली. टाके जागच्या जागी होते.

"डावा पाय जरा आवळतो," मास्तर म्हणाले. "दुसरी शिवशील तेव्हा सैल ठेव. आणि आता घरी जा, मला अजून पोहायचंय."