भावजयीची ओळख

अमरसिंगला ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा तो गोठा शाकारत होता. पोलीसपाटलाने खालूनच हाक मारली, "भाऊ, उद्या सकाळी दहाले जा लागते. आधार कार्ड घेऊन बलावलं हाये." बासष्ट वर्षांत आपण ठाण्याची पायरी चढलो नाही, हे अमरसिंग लग्नाकार्यात चारचौघांना ऐकवत असे. आता तो शिडीवरून कसा उतरला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

कशासाठी बोलावलं, हे त्याला विचारावं लागलं नाही. चार दिवसांपूर्वी भुरीबाई ऊसतोडीवरून परतली होती. भुरीबाई म्हणजे त्याच्या वारलेल्या धाकट्या भावाची, रूपलाची बायको. आल्या आल्या तलाठ्याने तिला सांगितलं, की तिची अडीच एकर जमीन माघातच विकली गेली आहे आणि विकणारी ती स्वतःच आहे. तिने थेट ठाण्यात तक्रार दिली. खरेदीखतावर तिचं नाव होतं, कोणाचा तरी अंगठा होता, आणि फोटो असा काळपट, की तो कोणाचाही म्हणून खपला असता. "हीच भुरीबाई, मी हिला ओळखतो" म्हणून खाली सही करणारा होता तिचा सख्खा जेठ, म्हणजे थोरला दीर, अमरसिंग.

आता सख्ख्या भावजयीला माणूस ओळखत नाही का? नाही ओळखत, आणि इथंच खरी गोम होती. त्यांच्या तांड्यावर धाकट्याची बायको जेठासमोर हनुवटीपर्यंत पदर ओढते, त्याच्याशी बोलत नाही, आणि भला जेठ तिच्याकडे बघत नाही. अमरसिंग तर मर्यादेचा पुतळा! सव्वीस वर्षं भुरीबाई त्याच अंगणात वावरली, पण त्याला ठाऊक होत्या त्या फक्त तिच्या टाचा.

जमिनीचा दलाल जगदेव याला तांड्याची ही रीत पक्की माहीत होती. माघात तो अमरसिंगला मोटारसायकलवर बसवून तालुक्याला घेऊन गेला. "भुरीबाईले जमीन इकाची हाये. ऊसतोडीच्या टोळीवरून एका दिवसापुरती आली थे. घरचा माणूस म्हनून तुमी ओळख द्या." नोंदणी कार्यालयात बाकावर एक बाई पदर ओढून बसलेली होती. अमरसिंग अदबीने चार हात लांब, पाठमोरा उभा राहिला. साहेबांनी विचारलं, "यांना ओळखता?"

"माह्या भावाची बायको हाये, साहेब," तो छाती फुगवून म्हणाला.

फोटोसाठी बाईने पदर मागे सारला, तेव्हा या सज्जनाने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मग सही ठोकली आणि जगदेवच्या खर्चाने भजी खाल्ली.

पोलीसपाटलाच्या पाठोपाठ जगदेव आलाच. येऊन आपल्याच घरात असल्यासारखा बाजेवर बसला.

"काहून घाबरून राह्यले, अमरसिंगभाऊ? एकच सांगा. थे भुरीबाईच होती, आता पलटून राह्यली. अंगठा तपासून येईलोक साल जाते. तवरोक तुमी घरचे, तुमचाच शब्द खरा धरतीन."

"अन् म्या खरं सांगलं तं?"

"तं खोटी ओळख देल्ली म्हनून तुमीच आत जासान. सात वर्षं. माह्यं काय, माही सही कोठीच नाई." तो हसला आणि पाणी न पिताच निघून गेला.

अमरसिंगने रात्रभर हिशेब केला. सात वर्षं म्हणजे एकोणसत्तर. तुरुंगातच मेलो तर तांड्यावर कोण काय म्हणेल, याचीही भीती त्याला मरणाइतकीच वाटली. सकाळी एसटीत बसेपर्यंत त्याने जगदेवचं वाक्य घोकून पाठ केलं. थे भुरीबाईच होती. थे भुरीबाईच होती.

ठाण्यात भुरीबाई भिंतीपाशी बसली होती, पदर तसाच खाली. जमीन गेली तर या खरिपात तिच्या हाती पेरायला वीतभर माती नव्हती. फौजदारांनी कागद पुढे ओढला. "नीट विचार करून बोला, बाबा. नोंदणीच्या कायद्यात दुसऱ्याच्या नावाने उभं राहणं जसा गुन्हा, तशी जाणूनबुजून खोटी ओळख देणं हाही गुन्हा. खत करून देणारी बाई हीच होती का?"

पाठ केलेलं वाक्य अमरसिंगच्या ओठांवर आलं. हीच म्हणायचं, तर एकदा तिकडे बघावं म्हणून त्याने नजर उचलली आणि त्याला दरदरून घाम फुटला. तिथे नुसता पदर होता. कार्यालयातही नुसता पदरच होता. आत्ता भिंतीशी बसलेली तरी भुरीबाई आहे की जगदेवने बसवलेली आणखी कोणी, हेसुद्धा त्याला शपथेवर सांगता येईना. जिच्या हातची भाकर सव्वीस वर्षं खाल्ली, तिलाच शपथेवर ओळखता येत नाही! तुरुंगापेक्षा या गोष्टीने तो जास्त हादरला.

"मले नाई माहीत, साहेब. म्या तोंडच नाई पाह्यलं. त्या बाईचं बी नाई अन् हिचं बी नाई."

फौजदारांचं पेन थांबलं. "मग सही कशी केली?"

"जगदेवनं सांगलं म्हनून."

"हे लिहिलं तर जगदेव अडकेल, बाईंच्या दाव्याला जोर येईल. पण तुमचंही नाव आरोपींत जाईल. कोर्ट काय मानेल, मी सांगू शकत नाही. लिहू?"

अमरसिंग रडायला लागला. पोरासारखा, हमसून. रडता रडताच त्याने मान हलवली. "लिहा."

पेन कागदावर चालू लागलं, तशी भुरीबाई उठली. तिने एका हाताने पदर तोंडावरून मागे सारला आणि ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याच्याशी ती पहिल्यांदाच बोलली.

"पाहून घ्या, दादाजी. उद्या कोर्टात ओळखा लागते मले."

अमरसिंगने भीत भीत मान वर केली. समोरचा चेहरा त्याने सव्वीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.