कोल्ह्याचा गाल

"आता सांगा ताई, काय चाललंय?" ऑपरेशनभर तिला बोलतं ठेवून तपासणाऱ्या रुचानं टॅब्लेट अपूर्वाच्या डोळ्यांसमोर आणखी जवळ धरला.

निळ्या कापडाच्या त्या आडोशात दोघींचेच चेहरे होते. कापडापलीकडे अपूर्वाची कवटी उघडी होती. डोकं चिमट्यात घट्ट धरलेलं, भुलीमुळे दुखत काहीच नव्हतं, आणि ते न दुखणंच तिला सगळ्यात भयंकर वाटत होतं. मागं कुणीतरी भांडं खरवडावं तसा आवाज झाला, तशी तिनं खाटेची कड मुठीत आवळली.

"कोल्हा," ती म्हणाली. जीभ टाळ्याला चिकटत होती. "अंडं तोंडात लपवून निघालाय. दारात कुत्रा झोपलाय."

"यात गंमत काय?"

"चाल बघ ना. पाय चवड्यांवर, पण पोट मागं राहतंय. पोटाला कुणी सांगितलंच नाहीये की आपण चोरी करतोय."

रुचा हसली. मागून डॉ. नगरकर म्हणाले, "छान. बोलत राहा."

ती फिल्म अपूर्वानंच निवडली होती. गाठ मेंदूच्या पुढच्या भागात, उजवीकडे होती. चेहरे वाचणं, विनोद कळणं यांच्याशी त्या भागाचा संबंध असतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. म्हणून तिला जागं ठेवायचं, आवडीच्या गोष्टीवर बोलतं करायचं, कापण्याआधी त्या जागेला बारीकसा करंट द्यायचा. ती अडखळली, तर तिथं थांबायचं. अपूर्वा दादरला ॲनिमेशन शिकवायची. पूर्वी थिएटरात मोठ्या सिनेमाआधी दाखवायचे तसलं हे हातानं काढलेलं जुनं कार्टून ती दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवत असे.

परळच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तिचे वडील, अण्णा, तिच्या ट्रॉलीबरोबर चालत आले होते. शिवडीच्या गोदामात उभी हयात काढलेला माणूस, पण ट्रॉलीची कड सोडत नव्हता. वाटभर पुटपुटत त्रिसरण चाललेलं.

"सगळी काढायला सांग पोरी," ते म्हणाले होते. "मागं काय ठेवू नको."

तिची आई अशाच गाठीनं गेली होती. "थोडीशी राहिलीय," असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते. त्या थोडीशीनं वर्षही काढू दिलं नाही.

"कुत्रा जागा झाला," अपूर्वा म्हणाली. "कोल्हा त्याच्याकडे बघून हसतो, तोंड मिटूनच. आणि आत अंडं फुटलंय. पिल्लू चोच मारतंय, बघ, टुक! गाल फुगला. तो दाबतो तर दुसरा फुगतो. पण डोळे बघ त्याचे. सभ्य, अगदी कुणाकडे चहाला बसल्यासारखे. सगळी गंमत त्या डोळ्यांत आहे." आणि तिला खरंच हसू फुटलं. खाटेवरची मूठ जराशी सैल झाली.

"परत एकदा," डॉक्टर म्हणाले.

रुचानं फिल्म मागं नेली. कुत्रा उठला. गाल फुगला.

"डोळे सभ्य आहेत," अपूर्वा म्हणाली. "चहाला बसल्यासारखे. गंमत डोळ्यांत आहे."

"बरोबर. ठीक आहे, सर."

"मग घेतो हा भाग."

अपूर्वा पडद्याकडे बघत राहिली. नारिंगी रंग होता, काळ्या रेघा होत्या. एक गोल मोठा होत होता, लहान होत होता. कोल्हा कुठं गेला ते तिला कळेना. शब्द तर सगळे बरोबर आले होते. वर्षानुवर्षं वर्गात म्हटलेले, ते तिच्याशिवायही येत होते.

गप्प राहिलं तर सगळी गाठ निघेल. आईचा शेवटचा चेहरा तिनं आठवून बघितला. आठवला, पण रेघांसारखाच.

"थांबा!"

मागचे हात थबकले. "दुखतंय?"

"नाही. मी आत्ता सांगितलं ते पाठ होतं. मला... गंमत दिसत नाहीये. कुणीच दिसत नाहीये."

मागं काहीतरी खटकन बंद झालं. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "पुन्हा दाखव, रुचा."

गाल फुगला. कोल्ह्यानं तो दाबला, आणि त्याचे ते बिचारे सभ्य डोळे बघून अपूर्वाला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आता आहे. आता दिसतोय."

"आता मी करंट काढलाय," डॉक्टर म्हणाले. "बरं. इथं हात नाही लावायचा."

वॉर्डात आणल्यावर डॉक्टरांनी अण्णांसमोरच सांगितलं, की बरीचशी गाठ निघालीय, थोडीशी ठेवावी लागली. स्कॅन करत राहावं लागेल, कदाचित रेडिएशनही. 'थोडीशी' ऐकल्यावर अण्णा उठून उभेच राहिले.

"ताई बोलल्या म्हणून कळलं," रुचा म्हणाली. "मी तर ठीक आहे म्हटलं होतं."

ते दोघं गेल्यावर अण्णा तिच्याकडे वळले.

"म्हणजे तू बोलली नसतीस, तर सगळी निघाली असती?"

"बहुतेक."

"आईचं ठाऊक असून?"

"मला भीती वाटते अण्णा. आत्तापण वाटतेय. पण मग तुमचा चेहराही मला नुसत्या रेघांसारखा दिसला असता."

त्यांना ते समजलं नाही. रागानं मान फिरवून ते शेजारच्या चाकाच्या स्टुलावर ताठ बसायला गेले आणि स्टूल सुळकन मागं सरकलं. खाटेची कड धरून ते अर्धवट वाकलेलेच राहिले. मग सावकाश सरळ झाले, कॉलर नीट केली, पलीकडच्या खाटेवरच्यांनी पाहिलं का ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, आणि आपल्याला मुळी उभंच राहायचं होतं असा चेहरा केला.

अपूर्वा हसली. कपाळाशी टाके ताणले गेले, तिनं बँडेजवर हात दाबला, तरी हसू थांबेना.

"टाके तुटतील!" अण्णा घाबरून ओरडले. "काय झालं हसायला?"

"काही नाही. परत एकदा बसा ना."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं, ताठ मानेनं त्याच्याकडे पाठ केली, आणि बसता बसता पायानं ते हळूच मागं ढकललं.